पळसाचा माणूस

कापूस घरात आला की घराचा वास बदलतो. ऊन, धूळ आणि सरकीचा तेलकट वास, तिन्ही मिळून जे काही होतं त्याला नाव नाही, पण आमच्याकडच्या माणसाला ते डोळे मिटूनही ओळखता येतं. यंदा माझ्या भाच्यानं गावाकडून एक गाठोडं आणून दिलं. "आत्या, गादी भरून घेजो, जुनी पार दडपली तुही," म्हणाला. मी ते गाठोडं हॉलमध्ये फरशीवर सोडलं आणि कापसातला पातीचा कचरा वेचत बसले. बोटांना काही सांगावं लागत नाही. इतकी वर्षं झाली तरी ती आपलं काम विसरलेली नाहीत.

समोर टीव्ही चालू होता. लढाईच्या गोष्टी चालल्या होत्या. कोट घातलेली चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. शेजारचे साहेब पेपर परत द्यायला आले होते. बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, बिल्डिंगमध्ये कोणाचं काही अडलं की आधी धावतात. उभ्याउभ्याच टीव्हीकडे बघत म्हणाले, "बाई, आता एकदाचं होऊनच जाऊ द्या. देशाला कधीतरी किंमत मोजावीच लागते."

मी विचारलं, "तुमचा नातू उंचीला किती आहे हो?"

त्यांना वाटलं, म्हातारीला नीट ऐकू आलं नाही. हसले, पेपर ठेवला आणि गेले. मला चांगलं ऐकू आलं होतं. माझी जीभ तिखट आहे हे साऱ्या वर्ध्याला ठाऊक आहे, उभा जन्म मुलींच्या शाळेत शिकवण्यात गेला माझा. पण त्या दिवशी मी टोमणा मारला नव्हता, मला खरंच विचारायचं होतं. आमच्या घरातला एक माणूस लढाईत गेला, आणि बारा वर्षांनी तो किती उंच होता हे घरात कोणाला सांगता येईना. कापूस हातात घेतला की मला ती वेचणी आठवते, आणि ती आठवली की असल्या गप्पा ऐकवत नाहीत.

आमचं गाव पुलगावच्या अलीकडे, वर्धा नदीपासून हाकेच्या अंतरावर. काळी जमीन, पऱ्हाटी म्हणजे कपाशीची झाडं, मध्ये मध्ये तुरीच्या ओळी आणि धुऱ्यांवर, शेताच्या बांधांवर, पळस. रेल्वेची लाइन शेतांच्या पलीकडून जायची. पुलगावला फौजेचा दारूगोळ्याचा मोठा डेपो, त्यामुळे बंद डब्यांच्या मालगाड्या नेहमीच्याच. गाडी आली की वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहत. गाडीचं निमित्त, दुसरं काय. लढाई संपून किती वर्षं झाली होती, देश स्वतंत्र होऊन गेला होता, पण त्या गाड्यांचं येणंजाणं चालूच होतं. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, गाडीकडे पाठ करून उभे राहायचे. मला वाटायचं त्यांना धूर सोसत नाही.

सदाकाका हा आबाजींचा धाकटा मुलगा, माझ्या बाबांचा पाठचा भाऊ. मी त्याला पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच तो इंग्रजांच्या फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे लढाईला गेला. लग्नाला जेमतेम एक कापसाचा हंगाम झाला होता. मग घरी एक कागद आला, त्यात लिहिलं होतं की तो बेपत्ता आहे. मेला असंही नाही, जिवंत आहे असंही नाही. त्या एका शब्दाच्या आधारावर गिरजाकाकू बारा वर्षं कपाळाला कुंकू लावत राहिली.

काकू तेव्हा तिशीच्या आतच असेल. सावळी, उंचीपुरी, दोन्ही हातांनी भराभर वेचायची. तिच्या ओळीला कोणी पुरं पडत नसे. मी शाळेतून शेतात गेले की माझ्या ओंजळीत कापूस कोंबून म्हणायची, "धर मास्तरीनबाई, वजन कर." मला मास्तरीण तिनंच पहिल्यांदा म्हटलं. काकाबद्दल ती फार बोलत नसे. मीच एकदा विचारलं, तो दिसायला कसा होता. ती वेचता वेचता म्हणाली, "चेहरा येते अन् जाते. पाठ आठवते. बैलबंडीत बसून चाललेल्या मानसाची पाठ. त्यानं मांगं पाह्यलं असतं तं चेहरा राह्यला असता." आणि पुढच्या झाडाकडे सरकली.

ज्या वेचणीबद्दल मी सांगते आहे, त्या वर्षीच्या दसऱ्याला आमच्या गावची निम्मी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध दीक्षा घेऊन आली होती. गावात सगळ्यांच्याच तोंडी जुन्या रीतींची चर्चा. कोणती ठेवायची, कोणती टाकायची. आमच्या घरात मात्र तेव्हा रीत म्हणजे रीत.

वेचा सुरू करायच्या आधी आमच्याकडे सीतादही करतात. धुऱ्याजवळ सात खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, पहिली फुटलेली बोंडं आणि दहीभात ठेवायचा, मग तो भात वावरात चहूकडे उधळायचा. आमच्या घरी हे काम सवाष्णीचं. ते काकूच करायची, कारण तिचा हात शेताला मानवतो असं आबाजी म्हणत. त्या वर्षी ती खडे मांडायला वाकली आणि मजुरीला आलेल्या बायांतली एक म्हातारी बोलली, "तप झालं बाई आता. हे दुसऱ्या कोनाच्या हातानं करा. सवाष्ण हाये का रांडव हाये, वावराले तरी समजाले पायजे."

तप म्हणजे बारा वर्षं. माणूस बेपत्ता झाला की आमच्याकडे एक तप वाट पाहायची, मग त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून नदीवर जाळायचा. पुतळा जळला म्हणजे माणूस रीतसर मेला. पुढे सुतक, तेरवी, सगळं नेहमीसारखं. ती म्हातारी काही वाईट नव्हती, तिला जे ठाऊक ते ती बोलली. काकूनं हातातला खडा जरा वेळ हातातच ठेवला. मग तो माझ्या मायजवळ दिला आणि पऱ्हाटीत शिरली.

संध्याकाळी चुलीपाशी ती मायला म्हणाली, "बाई, मामाजीले सांगा. पुतळा करा म्हना."

माय म्हणाली, "काऊन वो, लोकायच्या बोलन्यावर जातं?"

"लोकायचं नाई, मी माह्यं सांगून राह्यली. मले सवाष्णही होता येत नाई अन् रांडवही होता येत नाई. तो येत नाई हे मले माहीत हाये, तुमालेही माहीत हाये. मंग मी कोनासाठी बसून राह्यली?"

काकू कशाबद्दल बोलते आहे हे मायला पुरतं ठाऊक होतं. मायच्या माहेरचा महादेव पुलगावच्या कापडगिरणीत कामाला होता. बायको वारलेली, पदरात दोन लहान पोरं. शांत माणूस, आमच्याकडे आला की अंगणातल्या बाजेवर बसून चहा प्यायचा आणि निघायचा. त्यानं मायजवळ काकूची विचारणा केली होती. विधवेनं पुन्हा संसार मांडण्याला आमच्यात पाट म्हणतात, त्याला कोणाची हरकत नसते. पण काकू विधवा कुठे होती. महादेव थांबला. आता त्याच्या घरच्यांनी दुसरी बाई पाहून ठेवली होती आणि त्यानं निरोप धाडला होता, "पोरायले माय पायजे. मी संक्रांतीलोक थांबतो. मंग माह्या हातात काई राह्यत नाई."

म्हणजे संक्रांतीच्या आत पुतळा, सुतक आणि पाट, सगळं व्हायला हवं होतं. नाहीतर काकूचा उरलेला जन्म आमच्या ओसरीवर सरकी निवडण्यात जाणार, हे मला त्या वयातही कळत होतं. माझी लाडकी काकू जाऊ नये असंही वाटत होतं आणि जावी असंही वाटत होतं. मी दोन्हीसाठी रडले.

आबाजींना मायनं सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून निजले. "ज्याचं मढं पाह्यलं नाई त्याले जाळू कसा," एवढंच म्हणाले. खोकला होताच, तो त्या रात्रीपासून वाढला.

मी पुढे इतिहास शिकवला. फळ्यावर लढाया लिहिल्या, कारणं आणि परिणाम, दोन रकाने. परिणामांच्या रकान्यात सरहद्दी, तह, नवी सरकारं. एकाही पुस्तकात मला गिरजाकाकूसारखी बाई सापडली नाही. आमच्या जिल्ह्याचं तर बघा. तिकडे सेवाग्रामला सांगत होते की ही लढाई आपली नव्हे, तिच्यासाठी माणूस देऊ नका, आणि इकडे पुलगावला बाजा लावून पोरं भरती करत होते. मधे अंतर ते किती. जे तुरुंगात गेले त्यांना स्वातंत्र्यानंतर हारतुरे मिळाले, मिळायलाच हवे होते. जे फौजेत गेले ते दुसऱ्याच्या राजाचे शिपाई ठरले. शाळेत पंधरा ऑगस्टला गुरुजी गावातल्या देशभक्तांची नावं घेत, त्यात सदाकाका नसे. तो मेलेल्यांत नव्हता, जित्यांत नव्हता, आणि देशाच्याही कुठल्या रांगेत नव्हता. मी एकदा घरी येऊन विचारलं, आपल्या काकाचं नाव का घेत नाहीत. बाबांनी मला उगीच एक चापट मारली.

गावात लढाईवरून परत आलेला एकच माणूस होता, गणपत. त्याला सगळे फौजीच म्हणत. उजवा हात कोपराखाली नव्हता. तोही दसऱ्याला दीक्षा घेऊन आला होता. आबाजींनी त्याला बोलावणं धाडलं. पूर्वी तो आमच्या अंगणातच उभा राहायचा, कारण आम्ही त्याला तिथेच उभं ठेवायचो. त्या दिवशी सरळ ओसरीवर येऊन बसला आणि कोणी काही बोललं नाही. मायनं त्याला आमच्याच कपात चहा दिला.

आबाजींनी विचारलं, "गनपत, तिकडे सदा दिसला होता का तुले कधी?"

"नाई आबाजी. किती खेप सांगतलं तुमाले." फौजीनं कप खाली ठेवला. "अन् दिसला असता तरी ओळखला नसता. पानी, चिखल, जंगल. आमी नुसते चालून राह्यलो होतो. जो बसला तो बसलाच. मांगं पाह्याचा हुकूम नोता. शेवटी शेवटी सारेच एकसारके दिसत."

"मंग पुतळा करू म्हनतं?"

"मी तं आता हे काई मानत नाई. पानाचा मानूस जाळून काय होते? पन पोरीले मोकळं करा. पुतळ्यानं होत असन तं पुतळ्यानं करा."

आबाजींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाबांना पळसाची पानं तोडायला धुऱ्यावर पाठवलं.

ओसरीवर पानांचा ढीग पडला. हिरव्यागार, जाड, तळव्याएवढ्या पानांचा. देठांची हाडं, नारळाचं डोकं, आणि पोटात भरायला कापूस. कापूस काकूनं आपल्या ओटीतला दिला. भावकीतले एक म्हातारे रीत जाणणारे होते, ते पाटावर बसले आणि सहज विचारलं, "पोरगं उंचीले किती होतं?"

बाबा म्हणाले, "माह्या खांद्यालोक." मग स्वतःच थबकले. "तो लहान होता तवाचं सांगून राह्यलो मी. मंग वाढला असन."

माय म्हणाली, दाराच्या कडीपर्यंत यायचा. पण ते दार मोडून दुसरं बसवल्याला बरीच वर्षं झाली होती. फोटो आम्ही कधी काढलाच नव्हता. त्याचा सदरा होता, तो बाबांनी वापरून वापरून फाडला होता. शेवटी मायनं आत जाऊन काकूला विचारलं. आमच्याकडे धाकटी सून जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बोलत नाही, म्हणून ती दाराआडूनच बोलली, पण ओसरीवर सगळ्यांना ऐकू आलं.

"मले काय माहीत. मी त्याच्या बाजूले कधी उभी राह्यलीच नाई. तो पुढं चाले, मी मांगं."

मी पुढे आयुष्यात पुष्कळ शोकसभा पाहिल्या, दोन मिनिटांच्या शांतता पाहिल्या. त्या ओसरीवर जी शांतता होती तशी पुन्हा ऐकली नाही. आम्हाला आमचा मेलेला माणूस करता येत नव्हता.

मग आबाजी बाजेवरून उठले. खांद्यावरचं उपरणं काढून ठेवलं आणि जमिनीवर, त्या पानांच्या बाजूला, सरळ उताणे निजले. "माह्यावर माप घ्या," म्हणाले.

जित्या माणसाचं चितेसाठी माप घेणं म्हणजे मरणाला बोलावणं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबा मागे सरकले. म्हणाले, "आबाजी, उठा. हे मी करनार नाई."

"घे म्हनतो ना."

बाबांनी वेळूची एक काडी आणली आणि आबाजींच्या टाचेपासून टाळूपर्यंत धरली. आबाजी डोळे मिटूनच म्हणाले, "आता दोन बोटं कमी कर."

"कायवरून?"

आबाजी तसेच निजून बोलले, वर आढ्याकडे तोंड करून. पुलगावच्या टेसनाजवळ, निंबाखाली भरती चालली होती. बाजा वाजत होता, पोरांना लाडू देत होते. लाकडाच्या फळीवर एक लाल रेघ होती, तिला डोकं लागलं पाहिजे. "सदा दोन बोटं कमी पडला. साहेबानं मस्करीनं मलेही उभं केलं. मी बरोबर रेघेले. साहेब हासला, म्हने बुढा बसते मापात अन् पोट्टं बसत नाई. सदानं सदरा घातला अन् वापस निघाला होता. खुशीत होता. मीच म्हनलं, घ्या साहेब, वाढीचं अंग हाये, वाढंल. फौजेत गेला तं मानूस होईन, असं मले वाटे. साहेब म्हने, लढाई जोरात हाये, चालते." आबाजींना खोकल्याची उबळ आली. ती थांबली तसे ते पुन्हा म्हणाले, "तो वापस निघाला होता."

बाबांनी चाकूनं काडी दोन बोटं कापली. दाराआडून काकूच्या बांगड्या एकदा वाजल्या, आणि मग आतून भांडी घासण्याचा आवाज सुरू झाला. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती. दोन्ही हातांनी, कापूस वेचायची तशी.

पुतळा नदीवर नेला. पळस ओला होता, धूर फार झाला, पण आतला कापूस पेटला आणि बघता बघता सगळं संपलं. नारळ फुटल्याचा आवाज आम्हाला काठावरही ऐकू आला. बायांनी काकूला पाण्यात उभं केलं, बांगड्या फोडल्या, कपाळ धुतलं. ती रडली नाही. येताना मी तिचा हात धरला होता. तो मोकळा हात मला दुसऱ्याच कोणाचा वाटला.

आणि घरी येऊन पाहतो तर काडी ओसरीवरच पडलेली. ते माप चितेत जायला हवं होतं. गडबडीत कोणाच्याच लक्षात राहिलं नाही, आणि आग तर विझली होती. मोडावी की पुरावी, कोणाला काही सुचेना. बाबांनी ती वळचणीला खोचून दिली. दोनच दिवसांत गावभर झालं, माप घरात राहिलं, आता ते माणूस मागणार.

आबाजी अंथरुणाला खिळले ते तेव्हापासून. खोकला, ताप, अन्न जाईना. पुलगावहून डॉक्टर येऊन गेले, त्यांनी बाटलीत लाल औषध दिलं. लोक वळचणीकडे बोट दाखवत. मला तेव्हाही त्यांचा राग यायचा आणि आजही येतो. काडीला कसला दोष देता? एक बाप बारा वर्षं मालगाडीकडे पाठ करून उभा होता, त्याला आतून काय खात होतं ते कोणी विचारलं नाही, आणि सापडली ती बिचारी काडी.

काकू त्यांचं सगळं करायची. पेज करून चमच्यानं पाजायची, पाठ चोळायची, थुंकीचं भांडं स्वतः धुवायची. पण बोलत नसे. एक शब्द नाही. पूर्वी दिवसातून वीसदा मामाजी, मामाजी व्हायचं, ते बंद झालं. आबाजी तिच्याकडे बघत राहायचे आणि ती भांड्याकडे. घरात सगळ्यांना ते दिसत होतं, पण तिला बोल म्हणायची कोणाची छाती नव्हती. काय म्हणून सांगायचं?

पुतळ्याचं सुतक फिटलं तेव्हा संक्रांत अगदी दाराशी आली होती आणि आबाजींचं काही खरं नव्हतं. ते गेले असते तर घराला वर्षाचा दुखवटा. वर्षभर पाट नाही, काही नाही. महादेव थांबला नसता. माय देवापाशी बसून काय मागत होती ते मला ऐकू यायचं. म्हाताऱ्याला थोडं थांबव, एवढंच.

एका सकाळी आबाजींनी बाबांना जवळ बोलावलं. आवाज बसला होता, पण शब्द स्पष्ट होते. "मी गेलो तं साल अडते. आधी पोरीचं करा. उद्याच करा."

बाबा म्हणाले, "पौष चालू हाये."

"पाटाले कोन मुहूर्त पाहते? अन् उजेडात करा."

आमच्याकडे पाट अंधार पडल्यावर लावत, गावाबाहेर, चार माणसांत. सवाष्णींनी त्या बाईचं तोंड पाहायचं नाही. भावकीतले म्हातारे कुरकुरले. आबाजी म्हणाले, "तिनं चोरी नाई केली. माह्या बाजेपुढं लावा, मले दिसलं पायजे."

महादेव दुपारी बंडी घेऊन आला, दोन्ही पोरांना सोबत घेऊन. पोरगी लहान होती, ती सरळ जाऊन काकूच्या पदराशी उभी राहिली. कोणीतरी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. ऊन पार ओसरीच्या आतपर्यंत आलं होतं आणि कोपऱ्यात कापसाचा ढीग होता, त्यावर गावातली पोरंटोरं चढून बसली होती. फौजीही आला होता. पाट झाला. काकूच्या कपाळावर कुंकू लागलं आणि ती आबाजींच्या पाया पडायला वाकली.

आबाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

काकू म्हणाली, "मामाजी, पेज घेत जाजो."

पुतळ्याच्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द. आबाजी मोठ्यानं रडले. म्हातारा माणूस तसं रडताना मी पहिल्यांदा पाहिला.

बंडी निघाली. महादेव पुढे हाकत होता, पोरं त्याच्याजवळ. काकू मागच्या बाजूला बसली, आमच्याकडे तोंड करून. गाडरस्ता वळेपर्यंत ती तशीच बसून होती, आणि मला तिचा चेहरा दिसत होता.

आबाजींनी संक्रांत पाहिली. दुसऱ्या दिवशी गेले.

निरोप गेला तशी काकू आली, हिरव्या बांगड्या भरलेल्या हातांनी. काही बायांनी तोंडं फिरवली. ती कोणाकडे न बघता आबाजींच्या उशाशी येऊन बसली. अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. बाबांनी वळचणीतली काडी ओढून काढली. या खेपेला विसरायचं नव्हतं, ती आबाजींबरोबर जाळून टाकायची होती. ते ती शवाजवळ ठेवणार तोच काकूनं हात पुढे केला. जेठाच्या हातातून तिनं कधी काही घेतलं नव्हतं. बाबांनी काडी दिली.

काकूनं ती आबाजींच्या टाचेला लावून बाजूनं सरळ ठेवली. काडी डोक्याच्या थोडी अलीकडे संपली. उरलेल्या जागेत तिनं आपली दोन बोटं ठेवली. बरोबर मावली. ती ती बोटं तशीच धरून बसली. बाहेर दोरखंड ओढल्याचे आवाज येत होते, आणि शेतांच्या पलीकडून एक मालगाडी चालली होती.

"बस, एवढंच," काकू म्हणाली. "एवढ्यावरून तो घरी आला असता."